दुसरं घर आणि वाटेवरची सावली



आजचं वाचन एकनाथी भागवताच्या नवव्या अध्यायातलं. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय आणि आजचा गुरू आहे साप. साप स्वतःचं घर बांधत नाही. दुसऱ्या कुणी केलेल्या बिळात राहतो आणि मजेत राहतो. त्यावरून अवधूत शिकला ते थोडक्यात असं: जो देहच टिकणारा नाही, त्याच्यासाठी घर उभारायची धडपड म्हणजे आपणहून दुःखाला बोलावणं.

हे वाचून पोथी बांधून ठेवली आणि तासाभरात एका मैत्रिणीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा पुण्यात नोकरी करतात. राहत्या फ्लॅटचं कर्ज अजून चालू आहे. दापोलीजवळ समुद्राच्या बाजूला त्यांना एक घर आवडलंय. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, मागे विहीर, दोन फणस, थोड्या माडपोफळी. सुट्टीत सगळं कुटुंब जमेल, सासूबाईंना मोकळी हवा मिळेल, आणि रिकामं असेल तेव्हा पर्यटकांना भाड्याने देता येईल. सोमवारी टोकन द्यायचंय. तिचा प्रश्न सरळ होता: "तू रोज पोथी वाचतोस, तर सांग. हा लोभ आहे का? एक घर असताना दुसरं घेणं चूक आहे का?"

सकाळीच साप वाचलेला असल्यामुळे उत्तर तयार होतं. पण ते तोंडातून निघेना. कारण तो अवधूत संन्यासी, त्याला ना हप्ता ना सासूबाई. आणि त्याची ही गोष्ट ज्यांनी मराठीत आणली ते एकनाथ महाराज? ते तर पैठणचे गृहस्थ. बायको, मुलं, नातू, भरलेलं घर. घर म्हणजे दुःख असं सांगणारा श्लोक त्यांनी समजावून सांगितला, १५७३ साली काशीत तो ग्रंथ पूर्ण केला, आणि राहिले मात्र घरातच. म्हणजे नाथांना त्या श्लोकात घर सोडण्याहून वेगळं काहीतरी दिसलं असणार.

ते काय असेल याचा धागा मला ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात मिळाला. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवान म्हणतात, मुलं, बायको, घर यांत गुंतून न पडणं हेही ज्ञानच. माउली त्यावर दोन अगदी साधे दाखले देतात. एक म्हणजे बिऱ्हाडाला उतरलेला वाटसरू. तो तिथे बसतो, जेवतो, झोपतो, पण ती जागा आपली म्हणत नाही. दुसरा म्हणजे वाटेत भेटलेली झाडाची सावली. ज्ञानी माणसाची घरावर तेवढीसुद्धा आस्था नसते.

सावलीत बसूच नका असं माउली म्हणत नाहीत. बसा की! फक्त उठायची वेळ झाली की सावली गुंडाळून बरोबर नेता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मग मी मैत्रिणीला म्हटलं, लोभ आहे की नाही ते मी कोण सांगणार? आपण हे घर सावली म्हणून घेतोय की गळ्यातलं लोढणं म्हणून, ते तपासू. चल, कागद काढ.

आधी हिशोब

अध्यात्मात हिशोब कुठून आला असं वाटेल. पण तुकोबा वाण्याच्या घरातले होते. धन जोडू नका असं त्यांनी सांगितलं नाही. चांगल्या व्यवहाराने जोडा आणि खर्च करताना त्यात जीव अडकवू नका, असं सांगितलं. चांगला व्यवहार आकड्यांपासूनच सुरू होतो.

कर्ज ४० लाखांचं, २० वर्षांसाठी. व्याज ९ टक्के धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३६ हजार येतो. वीस वर्षांत ४० लाखांचे सुमारे ८६ लाख भरायचे. तिच्या नवऱ्याने एक्सेल शीट केली होती: वर्षाला ७० रात्री भाड्याने, रात्रीचे ६ हजार, म्हणजे ४ लाख २० हजार. वर्षाचा हप्ता ४ लाख ३२ हजार. "बघ, घर स्वतःचा हप्ता स्वतःच भरतंय!"

कागदावर घर फार गुणी असतं. पण राखणदाराचा पगार, वीजबिल, चादरी धुणं, बुकिंगच्या ॲपचं कमिशन, घरपट्टी, आणि भाड्यावरचा आयकर हे सगळं त्या शीटमध्ये नव्हतंच. आणि कोकणातला पाऊस? चार महिने बंद राहिलेल्या घरात गाद्यांना बुरशी धरते, वाळवी दारांच्या चौकटी खाते, खारी हवा कड्या-बिजागऱ्या गंजवते. कौलं दरवर्षी चाळून घ्यावी लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी घरांची छपरं उडाली आणि पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या.

सापाच्या श्लोकातलं दुःख मला इथे दिसलं. घर आपल्याकडे सतत काहीतरी मागत राहतं. आपण देऊ शकत असलो तर ठीक. देऊ शकत नसलो तर ते आपली झोप मागतं.

म्हणून मी तिला एकच प्रश्न विचारला. समजा वर्षभर एकही पाहुणा आला नाही, तरी हे घर तुम्हाला झेपेल का? झेपत असेल तर येणारा पाहुणा हा पाहुणा राहील. झेपत नसेल तर तो तुमचा हप्ता असेल. मग त्याने शनिवारी बुकिंग रद्द केलं की तुम्हाला त्याचा राग येईल, चांगला अभिप्राय दिला नाही की रात्रभर डोळा लागणार नाही. देवाचं नाव घेताना मन कॅलेंडरवर असेल.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाही झेपणार. चाळीस लाख नाही झेपणार."

मग आपली माणसं

घर कुटुंबासाठी, हे पहिलं कारण. पण यात एक गंमत आहे. आपल्याला सुट्टी कधी असते? दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात, जोडून आलेल्या शनिवार-रविवारी. आणि भाडं सर्वांत जास्त कधी मिळतं? नेमकं तेव्हाच. मग पहिल्या वर्षी आपण म्हणतो, या दिवाळीत देऊन टाकू, आपण नंतर जाऊ. दुसऱ्या वर्षीही तेच. शेवटी घरच्यांच्या वाट्याला जुलै येतो, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि स्वयंपाकघरात गळतीखाली पातेलं ठेवलेलं असतं. ज्या सासूबाईंच्या नावाने घर घेतलं, त्यांनी माडाखाली खुर्ची टाकून बसायचं ते राहूनच जातं.

अवधूताच्या गुरूंमध्ये एक कपोत पक्षीही आहे. पिल्लांसाठी घरटं केलं, पिल्लांसाठी दाणे आणत राहिला, आणि शेवटी पिल्लांमागोमाग जाळ्यात सापडला. आपण ती गोष्ट 'कुटुंबावर प्रेम करू नका' अशी वाचतो. मला ती अशी वाचावीशी वाटते: ज्यांच्यासाठी करतोय म्हणतो, त्यांच्याबरोबर शांतपणे बसायचं राहून जातंय का, ते बघा.

उपाय छोटाच आहे. वर्षाच्या सुरुवातीला आधी घरच्यांचे दिवस कॅलेंडरवर लिहायचे. दीर-नणंदांनाही विचारायचं. मग उरलेले दिवस भाड्याला. उलटं नाही.

मग पाहुणा

खरा पेच इथे होता. सासूबाईंचं म्हणणं: "देवघर असलेल्या घरात परकी माणसं राहणार? ती मासे आणतील, बाटल्या आणतील. आणि कोण कुठली, काय माहीत? निदान नाव-आडनाव बघून तरी द्या."

म्हातारं माणूस आहे, हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, घराचे नियम. ते असू शकतात. दारू नको, रात्री दहानंतर गाणी नकोत, स्वयंपाकघरात अमुक चालेल, तमुक चालणार नाही. हे बुकिंगच्या आधीच स्वच्छ लिहावं, म्हणजे ज्याला पटेल तो येईल. कोकणात येणाऱ्याला सुरमई-बांगडा हवाच असतो. तुम्हाला ते घरात चालत नसेल तर आधीच सांगा. आल्यावर तोंड वाकडं करू नका. आणि खरं सांगा. समुद्र पंधरा मिनिटांवर असेल तर पाच लिहू नका. फोटोत दिसतं तेच घर दार उघडल्यावर दिसू दे. हेसुद्धा सत्याचं आचरण आहे, मंडळी. सत्य फक्त कीर्तनात बोलायचं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आडनाव बघणं. इथे मात्र नाथ आपल्याला अडवतात. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास वाड्याबाहेरच्या माणसांना आला, त्यांच्या लेकरांना भूक लागली, तेव्हा नाथांनी ब्राह्मणांच्या आधी त्यांना जेवू घातलं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना डोळे भरून येतात. आणि आपल्या घराचं दार उघडायची वेळ आली की आपण आडनाव वाचतो! नियम सगळ्यांना सारखे लावा. पण नियम पाळायला तयार असलेल्या माणसाला त्याच्या नावावरून नाही म्हणायचं, हे वारकऱ्याला शोभत नाही. मग ते माळ घालून असो की न घालून.

तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देव मानायला सांगतं. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही असा. आता आपल्याकडे येणाऱ्याची तिथीही ठरलेली, वेळही ठरलेली, पैसेही आधीच भरलेले. मग हा अतिथी आहे का? खरं सांगायचं तर पूर्ण नाही. हा व्यवहार आहे, त्याला सेवेचा मुलामा देऊ नये. पैसे घ्या, पावती द्या, ग्रामपंचायतीत नोंद करा, उत्पन्न आयकराच्या विवरणात दाखवा. पण पैसे दिले म्हणून तो माणूस दमून आलेला नाही असं थोडंच आहे? घाटातून सहा तास गाडी चालवून, मागच्या सीटवर लहान मूल रडत असताना तो येतो. त्याला दारात कोणीतरी पाणी द्यावं, रात्री उशीर झाला तर पेजभात तरी मिळावा. पैशाच्या हिशोबात जे बसत नाही, तेवढ्यापुरता तो अतिथीच आहे.

आणि पाणी भरणारा

दारात पाणी कोण देणार? तुम्ही तर पुण्यात. पाणी देणार गावातलं एखादं जोडपं, ज्यांना आपण केअरटेकर म्हणतो. तो माड बघणार, पंप चालू करणार, रात्री अकराला वीज गेली की धावणार. ती चादरी धुणार, भाकऱ्या करणार.

पैठणला नाथांच्या वाड्यातला रांजण तुम्ही पाहिला असेल. श्रीखंड्या नावाचा गडी नाथांकडे आला आणि बारा वर्षं गोदावरीचं पाणी खांद्यावरच्या कावडीने आणून तो रांजण भरत राहिला. तो गेल्यावर कळलं की द्वारकेचा राणाच पाणी भरत होता. नाथषष्ठीला अजूनही तो रांजण भरतात.

या कथेत मला नेहमी एक गोष्ट टोचते. बारा वर्षं नाथांनाही ओळखू आलं नाही! मग तुम्हा-आम्हाला आपल्या घरातला श्रीखंड्या कसा ओळखू येणार? म्हणजे ओळखायच्या भानगडीत न पडता प्रत्येकाशी तसं वागणं एवढंच आपल्या हातात उरतं. पगार महिन्याच्या महिन्याला, पाहुणा असो-नसो, पावसाळ्यातसुद्धा. आजारपणात सुट्टी. झोपायला गळक्या पडवीऐवजी धड खोली. त्या शीटमध्ये राखणदाराच्या नावापुढे आकडाच नव्हता. मी म्हटलं, तो आकडा सगळ्यांत आधी लिही, त्याच्यानंतर तुमचा नफा.

शेजाऱ्यांचंही तसंच. कोकणात धो धो पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे आला की बऱ्याच विहिरींचा तळ दिसतो. आणि तोच पर्यटकांचा हंगाम. तुमच्या घरात दहा माणसं दोनदा शॉवर घेतात तेव्हा शेजारची आजी अर्धी कळशी घेऊन बसलेली असते. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेलं गंगाजल नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातलं. आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाहीये. पाण्याची टाकी किती, माणसं किती, याचं गणित करून मे महिन्यात पाहुणे कमी घ्यायचे, एवढंच.

एक सही

बोलता बोलता तिने आणखी एक सांगितलं. त्या जागेच्या सातबाऱ्यावर विकणाऱ्यांपैकी सहा नावं आहेत. पाच जणांच्या सह्या तयार आहेत. सहावी एक वयस्कर आत्या, मुंबईत असते. दलाल म्हणाला, "त्यांची सही मी मिळवून देतो, तुम्ही त्यात पडू नका."

मी म्हटलं, त्यातच पड. टोकन द्यायच्या आधी वकिलाला कागद दाखव आणि त्या आत्यांना स्वतः जाऊन भेट. त्यांना विकायचं आहे का? त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांना मिळणार आहेत का? त्या घरात कदाचित त्यांचं बालपण गेलं असेल. एका म्हातारीला अंधारात ठेवून घेतलेल्या अंगणात हरिपाठ म्हणायला बसलीस तर तुझ्या जिवाला स्वस्थता मिळणार नाही. कायद्याचं काय व्हायचं ते वकील सांगेल. मी तुझ्या झोपेचं सांगतोय.

सोमवारी काय झालं

सोमवारी त्यांनी टोकन दिलं नाही. महिनाभराची मुदत मागितली. दलाल चिडला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. असेलही. जे आपलं नाही ते जाईल.

रविवारी ती त्या आत्यांना भेटून आली. आत्या घर विकायला तयार आहेत, पण पैसे थेट त्यांच्या खात्यात हवेत, आणि मागच्या फणसांपैकी एक त्यांच्या वडिलांनी लावलेला, तो तोडायचा नाही. नवरा-बायकोंनी मिळून नवा हिशोब केला. दिरालाही निम्मा वाटा घ्यायचा आहे, त्यामुळे त्यांना वीस लाखांच्या आतच कर्ज लागेल. तेवढं एकही पाहुणा न येता झेपतं. घर मिळेल की नाही, अजून ठरलेलं नाही.

देवघराचा प्रश्न मात्र सासूबाईंनीच सोडवला. त्या म्हणाल्या, "तिथे वेगळं देवघर नकोच. आपण जाऊ तेव्हा बाळकृष्णाला डब्यात घालून घेऊन जाऊ. परत येताना घेऊन येऊ. तोही आपल्याबरोबर चार दिवस राहून येईल."

फोन ठेवल्यावर मी पुन्हा तेरावा अध्याय उघडला. बिऱ्हाडाला उतरलेला वाटसरू. माउली जे सांगतात ते या आजींनी पितळी डब्यात घालून ठेवलं होतं. देवच जिथे चार दिवसांचा पाहुणा, तिथे आपण मालक कसले?

आणि मग वाटलं, पुण्यातल्या फ्लॅटचं तरी वेगळं काय आहे? तिथेही आपण उतरलेलेच आहोत, फक्त मुक्काम जरा लांबलाय. दुसऱ्या घराची किल्ली दर आठवड्याला अनोळखी माणसाच्या हातात देताना हे आठवलं, तर ते घर घेणंही साधना होईल. नाही आठवलं, तर एक घरसुद्धा जड आहे.

आजचा अभ्यास

दुसरं घर घेणार असाल किंवा नसाल, आज रात्री झोपायच्या आधी तीन प्रश्न स्वतःला विचारा.

१. माझ्या घरासाठी राबणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव मला माहीत आहे का? त्याच्या घरी कोण कोण आहे?

२. माझ्या घराचं दार कुणासाठी उघडत नाही, आणि का?

३. हे घर उद्या सोडावं लागलं, तर मी बरोबर काय नेईन?

तिसऱ्याचं उत्तर पितळी डब्यात मावेल एवढंच असू दे.

राम कृष्ण हरी 🙏